आबांनी टोपी काढली

आमच्या बुंदीला शहरात कुकर चालत नाही आणि खेड्यात टोपी चालत नाही. कुत्र्यांच्या आवडीनिवडी असतात, मान्य. पण त्यांच्यापायी सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला राहायचं कुठं हे ठरवता येऊ नये, असं फक्त आमच्याच घरात झालं.

बुंदी ही मुळात आईची कुत्री. तपकिरी अंगावर पिवळट ठिपके, एक कान कायमचा पडलेला, आणि घराणं विचाराल तर पुण्यातल्या एका कचराकुंडीच्या मागचं. पुण्यात भाड्याच्या घरात आई, बुंदी आणि मी असे तिघं राहत होतो (नावं महत्त्वाच्या क्रमानं लिहिली आहेत). मग आई गेली. काही महिन्यांत घरमालकांनी मुलाच्या लग्नासाठी घर परत मागितलं. मी अविवाहित, एका कंपनीसाठी घरबसल्या नकाशे संगणकावर उतरवण्याचं काम करणारा. दिवसभर मी लोकांना गावं दाखवतो, आणि स्वतःसाठी एक गाव निवडता येत नाही. थोरली बहीण संभाजीनगरला असते. ती म्हणाली, इकडेच ये. शहरात राहा नाहीतर आमच्या ह्यांच्या गावाकडं राहा, पण डोळ्यांसमोर राहा. आणि ती कुत्री कुणाला तरी देऊन टाक, हेही तिनं त्याच दमात सांगितलं.

कुत्री द्यायची नाही, हे मात्र मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. आईच्या हातचा वास अजून ज्या एका जिवाला आठवत असेल, तो मी देणार नव्हतो. राहिलं शहर की खेडं. त्यासाठी वहीत दोन रकाने आखले. शहराखाली लिहिलं इंटरनेट, जनावरांचा डॉक्टर, ताईच्या हातचं जेवण. खेड्याखाली लिहिलं मोकळी जागा, शांतता, ताईच्या सल्ल्यांपासून सुटका. तीन आणि तीन झाले. मी वही मिटली आणि रविवारी बुंदीसकट ताईकडे जाऊन थडकलो.

ताई गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याच सोसायटीत तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता. मालकांची हरकत नव्हती, पण सोसायटीची परवानगी हवी होती. दाजींनी, म्हणजे ताईच्या यजमानांनी, सेक्रेटरीबाईंना सांगून ठेवलं की आठवडाभर कुत्री आमच्याकडे आहे, बघा, पसंत पडली तर हो म्हणा. (दाजींनी नात्यातली सत्तावीस लग्नं जमवलेली आहेत. पाहण्याचा कार्यक्रम झाल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट रीतसर झाल्यासारखी वाटत नाही.)

सोमवारी सकाळी साडेदहाला ताईच्या कुकरची पहिली शिट्टी झाली. आमची आई भात पातेल्यात करायची, त्यामुळे बुंदीनं जन्मात कुकर ऐकला नव्हता. ती उठून बसली, मान वर केली, आणि शिट्टी जिथं संपली तिथून पुढं तिनं सूर धरला. लांबलचक आणि काळीज चिरणारा. तेवढ्यात खालच्या मजल्यावर शिट्टी झाली, मग समोरच्यांकडे, मग वर. सोळा बिऱ्हाडं, सोळा कुकर. डाळीच्या तीन, बटाट्यांच्या चार, कुणाकडे छोले असले की आठ. बुंदीनं एकही चुकवली नाही. मी तिचे कान धरले, तिला दिवाणाखाली घातली, टीव्हीवर मोठ्यानं भजन लावलं. मग ती भजनाला साथ करू लागली.

बुधवारी सेक्रेटरीबाई आल्या. बाई अत्यंत सभ्य. त्यांनी बुंदीच्या डोक्यावरून हात फिरवला, चहा घेतला, हवापाण्याचं बोलून झालं, आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "आवाजाचं एक वेळ काही नाही हो. पण शिट्टी कुठली आणि हिचं रडणं कुठलं, तेच कळेना झालंय. मोजायचं चुकतं. तीन दिवसांत माझी डाळ तीनदा करपली." रविवारी समितीची बैठक होती. तोवर हे थांबलं नाही तर परवानगी मिळणं अवघड आहे, असं सांगून त्या दुसरा चहा न घेता गेल्या.

"टेन्शन कायको लेना," दाजी म्हणाले. (अडचण आली की दाजी हिंदीत शिरतात.) "एक स्थळ नाय जमलं तर दुसरं. आपलं गाव हाय की."

दाजींचं गाव वैजापूरच्या पुढं. तिथं त्यांचे चुलते, आबा, एकटेच असतात, मुलगा-सून वैजापूरला. आबांच्या घरामागच्या शेतात कांदे साठवायच्या चाळीशेजारी एक पक्की खोली रिकामी होती. वीज, पाणी, पुढं कडुलिंब, आणि हाकेच्या अंतरात एकही कुकर नाही. मला खेडं एकदम पसंत पडलं. तेवढ्यात ताईनं विचारलं, "आणि टोपीचं काय?"

टोपीचं मी विसरलोच होतो. पांढरी टोपी घातलेला माणूस दिसला की बुंदीच्या अंगात येतं. कचराकुंडीच्या दिवसांत कुणीतरी टोपीवाल्यानं काठी हाणली असावी. पुण्यात वर्षातून दोनतीन टोप्या दिसायच्या, निभून गेलं. पण आबांच्या गावात पन्नाशीच्या पुढचा झाडून सगळा पुरुषवर्ग टोपीत. एकेकावर भुंकायचं म्हटलं तरी तिला दिवस पुरला नसता.

मी शास्त्रशुद्ध सराव करून घ्यायचं ठरवलं. गुलमंडीच्या बाजारातून टोपी आणली, डोक्यावर घातली आणि बिस्किटाचा पुडा घेऊन बुंदीसमोर बसलो. पहिल्या दिवशी तिनं मला घरातून हाकललं. दुसऱ्या दिवशी टोपीवाला बिस्किटं देतो हे तिच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी टोपी नसलेला बिस्किटं देत नाही हेही लक्षात आलं, आणि मी टोपी काढली की ती माझ्यावर गुरगुरायला लागली. शुक्रवारी आंघोळीहून बाहेर आलो तर ती दारात दात काढून उभी. ताई धावत आली तेव्हा तिचा सख्खा भाऊ कमरेला टॉवेल आणि डोक्यावर टोपी अशा अवस्थेत कुत्रीला बिस्किट भरवत होता. ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

शेवटी दाजींनी आबांना फोन लावला आणि खरी अडचण सांगितली. आबांनी ती चुटकीसरशी सोडवली. "त्यात काय मोठं? पाहुणे यायच्या आत काढून ठेवतो. टोपी डोक्यावर हाय माझ्या, डोक्यात नाय."

मोठा माणूस. पण एक गोष्ट आबांना सुचली नाही, दाजींच्या ध्यानात आली नाही आणि मला तर माहीतच नव्हती. त्या गावात बाप्या माणूस उघड्या डोक्यानं वेशीपर्यंत चालत आला तर त्याचा अर्थ एकच. घरात कुणीतरी गेलं. आबा याआधी गावाला उघड्या डोक्यानं दिसले होते ते त्यांचे वडील गेले तेव्हा.

शनिवारी सकाळी आबा टोपी खुंटीला अडकवून आम्हाला घ्यायला फाट्याकडं निघाले. हॉटेलवाल्यानं त्यांना पाहिलं आणि चालू गाणं बंद केलं. गिरणी थांबली. पारावर बसलेले उठले, टोप्या काढून खिशात घातल्या आणि मुकाट मागून चालू लागले. कोण गेलं, कसं झालं, हे कुणीही विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं, चालायचं असतं. आबांनी मागं वळून पाहिलं तर चाळीसेक माणसं, सगळ्यांची डोकी उघडी. पाहुण्याच्या कुत्रीची बातमी गावात फुटली आणि गावानं आपली लाज राखली, असं आबांना वाटलं. त्यांचा ऊर भरून आला आणि चेहरा आणखी गंभीर झाला.

इकडं आमची गाडी फाट्यावर आली. दाजी चालवत होते, ताई पुढं, आणि मागं मी मांडीवर बुंदीचं तोंड दोन्ही हातांनी धरून. बाहेर पाहतो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी, आणि औषधाला टोपी नाही. नुसती रापलेली तोंडं आणि टोपीखाली राहून गोरी पडलेली कपाळं. मी बुंदीचं तोंड सोडलं. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना न्याहाळलं, जांभई दिली आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली.

मला भरून आलं. पुण्यात अकरा वर्षं राहिलो, तिथं आमच्यासाठी कुणी जिन्यातली चप्पल बाजूला केली नव्हती. आणि इथं, न पाहिलेल्या माणसांनी माझ्या आईच्या कुत्रीसाठी डोक्यावरच्या टोप्या काढल्या होत्या! मी तिला कडेवर घेऊन खाली उतरलो. "तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत," एवढंच म्हणालो. एका म्हाताऱ्या बाप्यानं मला सरळ छातीशी धरलं.

"रडा," ते म्हणाले. "मोकळं व्हा."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा लोकांनी हात जोडल्याची चित्रं मोबाईलवर पाठवली होती, कंपनीनं तीन दिवसांची रजा दिली होती, आणि चौथ्या दिवशी मी बीड जिल्ह्याच्या नकाशावर बसलो होतो. त्या अनोळखी खांद्यावर, भर रस्त्यात, मी हमसून हमसून रडलो. आईसाठी रडलो. बुंदीनं माझं रडणं ऐकलं आणि मान वर करून तिचा तो लांब सूर लावला. मग मात्र मागून आलेल्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावले आणि उरलीसुरली शंका मिटली.

आबांच्या ओसरीवर सतरंज्या टाकलेल्या होत्या. आम्ही टेकतो न टेकतो तोच बायका फडक्यानं झाकलेल्या टोपल्या घेऊन आल्या. पिठलं आणि बाजरीच्या भाकरी. शेजारच्या शांताकाकूंनी माझं ताट वाढलं, पाठीवरून हात फिरवला आणि दोन घास तरी खा म्हणाल्या. रडल्यामुळे मला कडकडून भूक लागली होती. मी चार भाकरी खाल्ल्या आणि वर पिठलं मागून घेतलं. इतकी माणसं मला जेवताना इतक्या शांतपणे का बघत होती, ते तेव्हा कळलं नाही. आग्रहाची ही इकडची पद्धत असेल, असं मी समजलो.

ताईनं मात्र पहिला घास तोंडाशी नेला आणि तो तसाच खाली ठेवला. "शिरीष," ती ओठ न हलवता म्हणाली, "हा कडू घास आहे."

पिठलं मला तरी चांगलं लागत होतं. तेव्हा तिनं हळू आवाजात समजावून सांगितलं, की ज्या घरात माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बायका जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. मी विचारलं, मग आबांकडं कोण गेलं? ताईनं आबांच्या डोक्याकडं पाहिलं, ओसरीवरच्या बाकीच्या डोक्यांकडं पाहिलं, बुंदीकडं पाहिलं, आणि दाजींना म्हणाली, "जरा मागं या."

कांद्याच्या चाळीमागं आमची चौघांची बैठक बसली. आबांना सगळं सांगितल्यावर ते एका पोत्यावर मटकन बसले. गावातल्या बांधाबांधाची भांडणं आबांच्या शब्दावर मिटतात. तो माणूस कुत्रीसाठी बोडक्या डोक्यानं गावातून हिंडला आणि त्यानं सगळ्या गावाला सुतकात बसवलं, हे कळलं तर संपलंच. "हसतील," आबा म्हणाले. "मी मेल्यावर बी हसतील." माझी काळजी वेगळीच होती. आबांची अब्रू गेली तर खोली गेली, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक होती. दोन्हीकडून नकार आला असता तर बुंदीला घेऊन मी उभा कुठं राहणार होतो?

दाजी पत्रिका जुळवताना करतात तसा चेहरा करून विचारात पडले. मग म्हणाले, "कुणीतरी गेलेलं पाहिजे."

आईचं सांगता येत नव्हतं, कारण ती गेली तेव्हा आबा स्वतः पुण्याला भेटायला आले होते आणि ते गावाला माहीत होतं. दाजींची नजर ताईकडं वळली. "मला गाडीतून उतरताना सगळ्यांनी पाहिलंय," ताई थंडपणे म्हणाली.

"मग शिरीषरावांची बायको," दाजी म्हणाले.

"मला बायको नाही, दाजी."

"म्हणून तर. हयात माणसाला कुठं मारता? हिच्यात कुणाचंच नुकसान नाही."

मी अडवायच्या आत दाजी ओसरीवर पोचले होते. शिरीषरावांची बायको पुण्यात वारली, सगळं तिकडंच उरकलं, आता एकट्याला कुठं ठेवायचा म्हणून इकडं आणला, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. सत्तावीस लग्नं जमवणाऱ्या माणसानं माझं लग्न आणि बायको एका वाक्यात उरकली. आबा कुणाकडंच बघत नव्हते. शांताकाकू माझ्याजवळ सरकल्या आणि त्यांनी विचारलं, "नाव काय व्हतं तिचं?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडं पाहू लागलं. दोन नावं डोक्यात आली, सुनंदा आणि मालती. दोन्ही चांगली. सुनंदा जरा जास्त घरगुती वाटत होतं, पण मालतीतही काही वाईट नव्हतं. मी "सु" म्हणालो, थांबलो, "मा" म्हणालो, पुन्हा थांबलो.

"ऱ्हाऊ द्या," काकूंनी माझा हात धरला. "नाव बी घेववत नाय त्याला."

बुंदी त्या उघड्या डोक्यांच्या मधोमध पंजांवर तोंड ठेवून पडली होती. मुकं जनावर, पण बघा कसं कळतंय, असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. तिच्यापुरता पाहण्याचा कार्यक्रम तिथंच पार पडला.

रविवारी दुपारी सेक्रेटरीबाईंचा फोन आला. समितीनं कुत्रीला एकमतानं परवानगी दिली होती. शनिवारपासून बुंदी घरात नव्हती म्हणून असेल, असं मला वाटलं, पण कारण वेगळंच होतं. शनिवारी ती नव्हती तेव्हा सगळ्यांच्या डाळी कच्च्या राहिल्या. बायकांना एव्हाना तिच्या रडण्यावरच मोजायची सवय झाली होती. शिट्टी बाहेरच्या खोलीत ऐकू येत नाही, बुंदी येते. "लवकर या," बाई म्हणाल्या. "उद्या माझ्याकडे राजमा आहे."

म्हणजे शहर हो म्हणालं आणि खेडंही हो म्हणालं. मी खिशातून वही काढली. समोर आबा उंबऱ्यावर बसून बुंदीला दुधात भाकरी कुस्करून घालत होते. पाहुण्याचं दुःख खरं ठरवायचं तर त्यांना तीन दिवस टोपी घालता येणार नव्हती. मार्चच्या उन्हानं त्यांचं गोरं कपाळ लालबुंद झालं होतं आणि त्याबद्दल ते मला एक शब्द बोलले नव्हते. शहरानं कुत्री पसंत केली होती. इथं माणसं माझ्या शेजारी येऊन बसली होती. त्यांना कोण गेलं ते चुकीचं कळलं होतं, पण माझं कुणीतरी गेलंय हे बरोबर कळलं होतं. मला तिथून उठावंसं वाटेना. वहीत काहीही न लिहिता मी ताईला सांगितलं, मी इथं राहतो.

आता वर्ष होत आलं. इंटरनेट चाळीच्या छपरावर मिळतं, तिथं छत्री लावून नकाशे करतो. त्या दिवशी जी माणसं बुंदीनं न्याहाळली त्यांच्यावर ती टोपी असली तरी भुंकत नाही. परगावचा टोपीवाला दिसला की मात्र शेत डोक्यावर घेते. आबा तिला राखणदार म्हणतात. सेक्रेटरीबाई अधूनमधून फोन करून तिची चौकशी करतात, माझी नाही.

आणि एक बदल झाला. प्रथमवर म्हणून सत्तेचाळीस वर्षांत मला कुणी पाहायला आलं नव्हतं. बिजवर झाल्यावर सहा महिन्यांत दोन स्थळं आली. दुसरं वैजापूरचं होतं. बाई शाळेत शिकवतात, चाळिशीच्या, कुत्र्यांची आवड. पोहे खाताना त्यांनी बुंदीला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे पाहून हसल्या. मला त्या फार आवडल्या. मी त्याच दिवशी होकार कळवला. माझा वेग पाहून ताईनं मला ताप आहे का ते पाहिलं.

त्यांचे भाऊ रीतीप्रमाणे चौकशीला गावात आले आणि थेट शांताकाकूंकडं गेले. काकूंनी माझी तोंड भरून स्तुती केली. स्वयंपाक करतो, भांडी घासतो, कसलं व्यसन नाही. मग पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "पण खरं सांगते भाऊ, माणूस अजून पहिलीतच हाय. वरीस झालं, पर तिचं नाव तोंडातून निघत नाय त्याच्या."

दोन दिवसांनी बाईंचा निरोप आला. एवढ्या प्रेमाच्या मधे आपण येऊ नये, असं त्यांना वाटत होतं.

मी दाजींना गाठलं आणि म्हटलं, आता बास. मी उद्याच वैजापूरला जातो आणि त्यांना सगळं खरं सांगून टाकतो. दाजींनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडं पाहिलं.

"जावा की," ते म्हणाले. "पण सांगणार काय, शिरीषराव? कुत्रीला खोली मिळावी म्हणून बायको मारली, असं?"